लोणच्याच्या बरणीबाबत खुलासा

राळेगाव

आदरणीय व्याही वामनराव यांना पंजाबरावाचा सप्रेम जय भीम, आणि त्याला जोडून गुडघ्यांना झेपेल तेवढा वाकून नमस्कार. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. तुमची शुगर, सुचित्राताईंची कंबर आणि अंगणातलं लिंबाचं झाड, तिघांचीही तब्येत कशी आहे ते कळावं. (झाडाची चौकशी मी आधी करणार होतो, कारण त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. पण आमची नलू म्हणाली, 'माणसाईले आधी इचारा.')

तुम्ही तुमच्या लेकीजवळ, भैरवीजवळ, निरोप ठेवलात की यापुढे पंजाबरावांशी मी बोलणार नाही. बोलणार नाही असं म्हणालात, वाचणार नाही असं म्हणाला नाहीत. उभी हयात जिल्हा कचेरीत घालवलेला माणूस शब्द तोलून वापरतो, तेव्हा ही फट तुम्ही मुद्दाम ठेवली असावी असं धरून मी आत शिरतो आहे. रविवारी आपल्या नातीचं नामकरण आहे आणि तुम्ही येणार की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही. त्या विषयावर मी येतोच, पण आधी थोडं देशाबद्दल.

दुपारच्या गाडीने तुमचा वाचून झालेला पेपर यायचा बंद झाल्यापासून माझी मतं नुसती साचून राहिली आहेत. मत एकट्याचं असलं की त्याला काही चव राहत नाही, कोणीतरी 'छे' म्हणावं लागतं. उदाहरणार्थ, ते 'विश्वसनीय सूत्र'. ही सूत्रं कोण, राहतात कुठे, त्यांना हे सगळं कोण सांगतं, असं मला फार दिवसांपासून कुतूहल होतं. आमच्या एसटी डेपोला नव्या गाड्या मिळणार अशी बातमी विश्वसनीय सूत्रांच्या हवाल्याने माझ्या पेपरात आली, तेव्हा मी आपल्या तालुक्याच्या वार्ताहराला कॅन्टीनमध्ये गाठलं आणि म्हटलं, आज मला ते सूत्र दाखवच. तो चहा पिता पिता म्हणाला, 'काका, तुमीच तं सांगतलं होतं मले, इथंच बसून.' मी आठवून पाहिलं. मी सांगितलं होतं खरं, पण मी ते तुमच्या पेपरात वाचलं होतं, आणि त्याच्या समासात तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं, 'शक्यता वाटते.' म्हणजे वामनराव, फिरून फिरून विश्वसनीय सूत्र तुम्हीच निघालात. तुम्ही बोलणं बंद केल्यावर जिल्ह्याच्या बातम्या कमी झाल्या आहेत त्याचं कारण हेच असावं.

वाघाचंही तसंच. गळ्यात पट्टा घातलेला एक वाघ म्हणे आपल्या जंगलातून निघून पार तेलंगणाकडे गेला. कुठल्या नाल्याशी पाणी प्यायला, कुठल्या शिवारात झोपला, सगळं साहेब लोकांना खुर्चीत बसून कळतं. मी विचार करतो, वाघ कुठे आहे हे नागपुरात कळतं आणि वडकीहून निघालेली गाडी कुठे आहे हे राळेगावच्या कंट्रोल रूममध्ये का कळत नाही? (मी कंट्रोलर असताना लोक विचारायचे तेव्हा मी 'येऊन राह्यली' एवढंच सांगायचो. ते कधी खोटं ठरलं नाही.) आणि या पुढाऱ्यांचं काय चाललं आहे ते मला समजावून सांगा. सकाळी एका पक्षात चहा, दुपारी दुसऱ्या पक्षात जेवण. आमच्या वेळी डेपो बदलून घ्यायचा तर अर्ज, आईच्या आजारपणाचा दाखला आणि चार वर्षं लागायची. यांना साधी बदलीची रजाही लागत नाही.

परवा इथे रस्त्याच्या कडेच्या कपाशीत लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. नवरीचा गाऊन एवढा लांब की मागून दोन मैत्रिणी उचलून चालत होत्या, आणि वर एक ड्रोन भिरभिरत होता. कापूस वेचणाऱ्या बायांना आधी बाजूला व्हायला सांगितलं. मग फोटो पाहून परत बोलावलं, कारण मागे बाया असल्या की नैसर्गिक वाटतं. मी सायकल थांबवून सगळं पाहिलं. वाईट काही नव्हतं त्यात, पोरं आनंदात होती. फक्त कपाशीची काटेरी बोंडं गाऊनला किती धरून ठेवतात हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या पोराने, अश्वजितने, माझ्या फोनमध्ये ते सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारं यंत्र टाकून दिलं आहे, त्याला मी विचारलं की हे फॅड बरं की वाईट. ते म्हणालं, एका बाजूने असं आणि दुसऱ्या बाजूने तसं. मग मी थेट विचारलं की वामनराव बरोबर की मी. म्हणे, दोघांच्याही मुद्द्यांत तथ्य आहे. असा माणूस आमच्या कॅन्टीनमध्ये एक दिवस टिकला नसता.

आता मूळ प्रकरण. (हे पत्र पुढे नातीच्या हाती पडलं तर तिला समजावं म्हणून पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला माहीत असलेला भाग तुम्ही गाळा.) माझ्या अश्वजितने आणि तुमच्या भैरवीने कोर्टात लग्न केलं तेव्हा तुम्ही आला नाहीत. पुढे दोन वर्षं आमच्या दारात पाऊल ठेवलं नाही. कारण काय ते तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी कधी विचारलं नाही, दोघांनाही ते नीट ठाऊक होतं. मग एकदा वणीला पोरांच्या घरी आपण दोघं चुकून एकाच दिवशी येऊन टेकलो. तुम्ही एका कोपऱ्यात तुमचा पेपर तोंडापुढे धरून, मी दुसऱ्या कोपऱ्यात माझा. दोन्ही पेपरांत एकाच मंत्र्याने एकाच पुलाचं उद्घाटन केलं होतं. मला राहवेना. मी विचारलं, 'तुमच्या पेपरात किती लोक आले होते?' तुम्ही पेपर न हलवता म्हणालात, 'हजारो.' मी म्हटलं, 'माझ्यात शेकडो.' मग तुमचा पेपर थोडा खाली आला आणि त्याच्या वरून तुमचे डोळे दिसले. ते हसत होते. आपल्या सोयरिकीची खरी सुपारी तिथे फुटली असं मी मानतो.

तेव्हापासून दुपारच्या गाडीने तुमचा पेपर यवतमाळहून राळेगावला आणि संध्याकाळच्या गाडीने माझा राळेगावहून यवतमाळला. ड्रायव्हर लोकांना डबे, औषधं, सुनेची विसरलेली साडी, हे सगळं पोचवायची सवय असतेच, त्यात आपला एक पेपर. तुम्ही समासात लाल पेनाने 'चर्चा करावी', 'असहमत', 'नस्तीबद्ध करावे' (म्हणजे फाइल बंद) असे कचेरीचे शेरे मारायचे, मी निळ्या पेनाने त्यांना उत्तरं द्यायची. कित्येकदा मी बातमी वाचायचोच नाही, समासच वाचायचो.

आणि मग तुमचं पत्र छापून आलं. वाचकांच्या पत्रव्यवहारात, चौकटीत, खाली पूर्ण नाव. विषय, यवतमाळ–मूर्तिजापूर ही बंद पडलेली रेल्वेची छोटी गाडी पुन्हा सुरू करावी. त्या दिवशी तुम्ही समास कोरा ठेवला होतात. मी काय लिहितो याची तुम्ही वाट पाहत होतात, ते कोऱ्या समासावरून कळत होतं. मी काय लिहिणार? मी एसटीचा माणूस. रेल्वेची बाजू घ्यायची म्हणजे माहेरात राहून सासरचं गाणं गायचं. आणि विरोध करावा तर तुम्ही लिहिलं होतं की तुमच्या वडिलांनी तुम्हाला त्या गाडीच्या खिडकीत बसवून पहिल्यांदा शेतं दाखवली. त्यावर काय 'असहमत' लिहिता येतं? तेव्हा विचार करायला वेळ हवा म्हणून ते पान मी घडी करून फ्रिजवर ठेवलं. आमच्या घरात फ्रिजवर ठेवलेला कागद म्हणजे नलूच्या मते कालचा कागद, आणि कालचा कागद म्हणजे बांधायचा कागद. तिने तुमच्यासाठी केलेल्या आवळ्याच्या लोणच्याची बरणी त्यात गुंडाळली, सुतळी मारली आणि गाडीवर दिली. कळंबच्या पुढच्या खड्ड्यांत झाकण सैल झालं. तुमच्या हाती पुडकं पडलं तेव्हा तेल तुमच्या नावापर्यंत पोचलेलं होतं, असं सुचित्राताईंनी नलूला फोनवर सांगितलं. आणि तुम्ही एवढंच म्हणालात, 'पंजाबरावांना कळव, मत पोचलं.'

वामनराव, ते मत नव्हतं, लोणचं होतं. हे सांगायला मी फोन केले, तुम्ही उचलले नाहीत. मग ठरवलं की समोर जाऊन सांगावं, आणि सकाळी इस्त्रीचा सदरा घालून स्टँडवर आलो. आता एक लक्षात घ्या, एसटीत आयुष्य काढलेला माणूस गाडीची पाटी वाचत नाही. पाट्या प्रवाशांसाठी असतात. आम्ही गाडी ओळखतो ती आवाजावरून, पत्र्याच्या चेपेवरून. यवतमाळची गाडी उभी होती, नेहमीचीच, मागच्या दाराला पोचा आलेली. मी चढलो, खिडकी धरली आणि तुमच्यापुढे काय बोलायचं याचा सराव व्हावा म्हणून पेपर उघडला. गाडी कळंबकडे जायच्या ऐवजी वडकीकडे वळली तेव्हा माझ्या तोंडापुढे अग्रलेख होता. कंडक्टर आला नाही हेही लक्षात आलं नाही. शेजारी मानीबाई नावाची एक बाई येऊन बसली होती, मजुरीला जाणारी, तिने माझ्या मांडीवर एक टोपी ठेवली आणि म्हणाली, 'काका, टोपी घाला न. टोपी नसन तं तिथं जेवन देत नाई.'

गाडी सभेसाठी घेतलेली होती. सभा वणीला. मी म्हणालो, बाई, मला यवतमाळला जायचं आहे. ती म्हणाली, 'जा न मंग. सभा झाल्यावर जा, कोन अडवते?' मी विचारलं, सभा कोणाची? म्हणाली, 'ते तिथं गेल्यावर सांगतेत.' हायवेवर गाडी थांबेना, तेव्हा मी कुतूहलाने तिला विचारलं की या लोकांबद्दल तिचं मत काय आहे. तिने जरा विचार केला. 'मांगच्या हप्त्यात दुसऱ्याईची होती, तवा भात कच्चा होता. यायचा पाहू.' मी जन्मभर अग्रलेख वाचले, पण पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही हे धोरण मला एकाही अग्रलेखात सापडलं नव्हतं. (भात चांगला निघाला. भाजीत मीठ नव्हतं. मानीबाईने निकाल राखून ठेवला.)

नेत्यांना यायला उशीर होता, म्हणून टोपी घालून मंडपाच्या कडेला उभा होतो. (उन्हासाठी घातली होती. कोणत्या पक्षाची ते तुम्हाला माहीत आहे, मला तेव्हा माहीत नव्हतं.) तेवढ्यात देवीलाल नावाचा एक तरुण माईक घेऊन आला. त्याचं मोबाइलवर बातम्यांचं चॅनल आहे. म्हणाला, 'काका, यक मिनिट. सध्याच्या परिस्थितीबद्दल तुमाले काय वाटते?' वामनराव, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माईक धरून माझं मत विचारत होतं. वाघ, सूत्रं, पक्षांतर, महागाई, केवढा साठा होता माझ्याकडे. आणि डोकं एकदम कोरं. पाटी पुसल्यासारखं. तो थांबला होता, मागे चार माणसं जमली होती, आणि माझ्या तोंडातून शब्द आले, 'सन्माननीय संपादक महोदय.'

पुढे तुमचं अख्खं पत्र आलं. पहिल्या ओळीपासून. गरिबाला गाठोड्यासह चढता येणारी गाडी, जिल्ह्याच्या ठिकाणाला रूळ नसणं ही लाजेची गोष्ट, वडील, खिडकी, शेतं, सगळं. मी ते पाठ केलेलं नव्हतं. घडी घालून ठेवायच्या आधी इतक्यांदा वाचलं होतं की ते आपोआप आत जाऊन बसलं होतं. वडिलांची ओळ तर मी दोनदा म्हटली, आणि माझे वडील तर मला कधी कुठल्या गाडीत घेऊन बसले नव्हते. देवीलाल खूश झाला, त्याला आजवर कोणी संपादक म्हटलं नव्हतं. शेवटी मी स्पष्ट सांगितलं की हे विचार माझे व्याही श्री. वामनराव यांचे आहेत, ते विद्वान आहेत, आणि मी त्यांच्याशी अंशतः असहमत आहे. ते त्याने कापलं. मी फोन करून जाब विचारला, तर म्हणतो, 'व्याह्याचं लई लांब झालतं काका, लोकं पाहत नाईत.' वर नाव दिलं, 'एसटीच्या निवृत्त कंट्रोलरचा सरकारला सवाल, रेल्वे कुठे आहे?' डेपोच्या कॅन्टीनमध्ये आता माझ्यापुढे कोणी चहा ठेवत नाही. स्टेशनवर जाऊन प्या म्हणतात. आणि तुम्ही ती क्लिप पाहिलीत. 'आधी माझं पत्र तेलात घातलं, मग चोरलं, आणि तेही ही टोपी घालून,' असं तुम्ही म्हणालात ते मला कळलं. बाहेरून पाहिलं तर तसंच दिसतं हे मी मान्य करतो.

सभा संपल्यावर मी वणीतच पोरांच्या घरी गेलो. दार भैरवीने उघडलं. आधी टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत म्हणाली, 'बाबा, लग्नाला माझे अप्पा आले नाहीत. डोहाळजेवणाला आले, ते तुमच्या पेपरांमुळे. रविवारी नाही आले तर मी लोकांना काय सांगू? लोणच्यामुळे आले नाहीत म्हणून? कोणी खरं मानेल का?'

कोणी खरं मानणार नाही, वामनराव. तुमच्या गल्लीतले आणि माझ्या गल्लीतले, दोन्हीकडचे लोक लग्नाच्या वेळी जे बोलले तेच पुन्हा बोलतील, आणि आम्ही तेव्हाच म्हटलं होतं म्हणतील. आपण दोघं एका बरणीवरून रुसलो हे आपल्याला माहीत आहे. पण लोकांचं ते बोलणं ऐकत वाढणार आहे ती पोरगी. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं, कारण मला तुमची आठवण येते. दुपारची गाडी आली की मी अजून स्टँडवर जातो आणि ड्रायव्हर माझी नजर चुकवतो.

तेव्हा झालं गेलं नस्तीबद्ध करावं ही विनंती. थोरांना नमस्कार, झाडाला पाणी. लोभ आहे असं मी धरून चालतो, नसल्यास तसं लेखी कळवावं.

तुमचा,
(मतभेद राखून)
पंजाबराव

ता. क. तुमच्या पत्रात एक चूक आहे, ती दाखवल्याशिवाय मला पाकीट बंद करवत नाही. छोटी गाडी कधीही उशिरा आली नाही असं तुम्ही लिहिता. वामनराव, गाय बाजूला होईपर्यंत आणि धावत येणारा माणूस चढेपर्यंत जी गाडी थांबते, ती उशिरा आली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण म्हणून ती वेळेवर आली असंही होत नाही. चर्चा करावी.

ता. क. दुसरा. रविवारी सकाळी राळेगावच्या विहारात वंदना झाली की बाळाच्या कानात नाव सांगायचं आहे. भैरवीने ठरवलं आहे की एका कानात तुम्ही सांगायचं आणि दुसऱ्या कानात मी. तुम्ही आला नाहीत तर दोन्ही कानांत मलाच सांगावं लागेल, आणि मग पोरगी जन्मभर एकाच पेपरवर वाढेल. ते मला नको आहे. तुम्ही या.

ता. क. तिसरा. इथून शाई वेगळी दिसेल, कारण पेन सुचित्राताईंचं आहे. पत्र पोस्टाने पाठवणार होतो, पण रविवारच्या आधी पोचेल याची खात्री विश्वसनीय सूत्रांनी दिली नाही, म्हणून स्वतःच घेऊन आलो. तुम्ही हे आत वाचाल तेव्हा मी तुमच्या बाहेरच्या खोलीत बसलेला असेन. घाई नाही. सुचित्राताई चहा देत आहेत. झाडाची तब्येत येता येता पाहिली, बरी आहे.

(वेगळ्या चिठोऱ्यावर, दाराखालून)

वामनराव, पत्र आत जाऊन बराच वेळ झाला. तुम्ही हळू वाचता हे मला माहीत आहे, तरी तिसरा चहा मला सोसत नाही. आत्ता आतून तुम्ही हसल्यासारखा आवाज आला. खोकला असेल तर काळजी घ्या, हवा वाईट आहे. हसला असाल तर कुठल्या ओळीला हसलात ते बाहेर येऊन सांगा. माझं त्याबद्दल वेगळं मत असण्याची दाट शक्यता आहे.